पहिलं नाव कुणाचं

मी जन्मात मटण खाल्लेलं नाही. माहेरी गडहिंग्लजला नाही आणि सासरी कोल्हापुरात तर नाहीच नाही. तरीही कोल्हापूरच्या खवय्यांसाठी आमच्या दुकानात जी वेबसाइट तयार झाली, तिच्यावरचं पांढऱ्या रश्शाचं पान मी लिहिलेलं आहे. ते वाचून पुण्याच्या कुणा गृहस्थांनी 'वाचता वाचता भूक लागली' असं कळवलं होतं. मला ऐकून घेता येतं आणि ऐकलेलं फार न सजवता लिहिता येतं, एवढंच त्यात माझं कौतुक.

ही गोष्ट दोन हजार तीन सालची. शिवाजी पेठेत एका तालमीसमोर आमचं 'शांभवी कॉम्प्युटर्स' होतं. दुकानाला बायकोचं नाव दिलं म्हणजे बायको आयुष्यभर खूश राहील असा सोमेशचा समज होता. राहिलेही म्हणा. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दाराशी एक बाकडं. सकाळी पोरांचे क्लास, दुपारी लग्नपत्रिका, आणि लाइट गेली की सगळ्यांनी बाहेर बाकड्यावर बसायचं, असा आमचा दिनक्रम.

हे सगळं माझ्या सासऱ्यांना, बसलिंगाप्पांना, अजिबात पसंत नव्हतं. मामंजींची मार्केट यार्डात गुळाची पेढी. त्यांच्या आजोबांपासून चालत आलेली. एकुलत्या एक मुलाने ती सोडून परक्यांच्या लग्नपत्रिकांवर गणपती चिकटवत बसावं, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. बोलायचे मात्र कमी. श्रावणात एकदा जेवता जेवता त्यांनी निकाल देऊन टाकला.

"दिवाळीपतोर बघतो. ह्या खोक्यातनं एक तरी असं काम करून दाखव, की चार मान्सं म्हणतील ह्येला डोस्कं लागतंय. न्हाईतर पाडव्याच्या सौद्याला पेढीवर बसायचं."

सोमेशने "व्हय आप्पा" म्हटलं आणि ताकाचा पेला उचलला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण तो वडिलांपुढे भांडणारा नव्हता. पेढीवर बसला असता, आयुष्यभर बसला असता, आणि एक अक्षर तक्रार केली नसती. मला भीती त्याचीच होती. दुसऱ्याच आठवड्यात मामंजींनी त्याच्यासाठी नवी गादी शिवून आणली. पेढीवर मालकाने बसायची असते तशी, घट्ट कापसाची, पांढऱ्या खोळीची. सासूबाईंनी ती माडीवरच्या कपाटावर ठेवली. माडीवर जाता-येता ती दिसायची आणि माझा दिवस खराब व्हायचा.

अशात बाळासो दुकानात आले.

बाळासो म्हणजे समोरच्या तालमीच्या फुटबॉल संघाचे जुने गोलकीपर. गोल अडवायचं वय सरल्यावर त्यांनी जेवणाकडे मोर्चा वळवला होता. पेठेतल्या दहा-बारा जणांचं त्यांचं एक खवय्या मंडळ होतं. दर रविवारी सगळ्यांनी मिळून कुठेतरी खायला जायचं आणि आठवडाभर त्यावर भांडायचं, हेच मंडळाचं काम. त्यांचा पुण्याचा भाचा सुट्टीला आला होता, त्याने डोक्यात भरवलं की कोल्हापुरात कुठे काय खावं याची वेबसाइट काढा.

"काय वयनी, ह्ये वेबसाइटचं तुमच्यात हुतंय काय?" त्यांनी विचारलं.

सोमेशने तोवर एकही वेबसाइट केलेली नव्हती. शिकला होता, स्वतःच्या मनाने दोन-तीन पानं करून पाहिली होती, बस्स. तो "बघू या, विचार करून सांगतो" असं काहीतरी बोलायच्या आत मी "हुतंय की" म्हणून टाकलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी बाळासोंसाठी चहा सांगितला.

बाळासोंची अट सरळ होती. आधी नुसता आराखडा दाखवायचा, कुठलं पान कुठे, कशानंतर काय. तो सगळ्या मंडळाला पटला तर पुढचं काम आणि दिवाळीत उद्घाटन. म्हणजे पाडव्याच्या आत. सोमेशच्या डोळ्यांत मी कित्येक महिन्यांनी चमक पाहिली.

मग आमचं काम सुरू झालं. दुकानात चुकलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, कुठे मुलाचं आडनाव चुकलेलं, कुठे मुहूर्त. त्यांच्या कोऱ्या बाजूवर सोमेश एकेक पान आखायचा आणि फरशीवर मांडायचा. सगळ्यात वर पहिलं पान. त्याखाली मिसळ, तांबडा-पांढरा, सुक्कं, भडंग, रंकाळ्यावरची भेळ, पहाटेचं धारोष्ण दूध. एका पानावरून दुसऱ्यावर जायची वाट दाखवायला मी शिलाईचा दोरा ठेवायची आणि 'इथे दाबायचं' त्या जागी माझी लाल टिकली चिकटवायची. पाकीट संपलं तेव्हा सासूबाई शांतव्वा म्हणाल्या, "अगं, कपाळाला लावतीस का खातीस?" दुकानात येऊन त्यांनी फरशी पाहिली, तेव्हा पदर सावरून पत्रिकांमधून हलक्या पावलांनी वाट काढत गेल्या. रांगोळीला जपतात तसं.

मजकूर माझ्याकडे होता. बाळासोंना समोर बसवायचं आणि विचारायचं.

"पांढरा रस्सा कसा लागतो, भावजी?"

"चांगला लागतोय."

"चांगला म्हणजे कसा?"

बाळासो बराच वेळ छताकडे बघत बसले. "वयनी, तांबडा रस्सा आधी भांडतोय, मग जवळ घेतोय. पांढऱ्याचं तसं न्हाय. त्यो गप येतोय. वाटी तोंडाला लावली की पयला नारळ, मग मिरीचा जरासा चटका, आन् मागनं मटणाची चव. प्यायचा असतोय त्यो. चमच्यानं खाणाऱ्याला आमी परत बोलवत न्हाय."

मी तस्संच लिहिलं. एक शब्द बदलला नाही. सोमेश फोटो काढायला मागून आणलेला डिजिटल कॅमेरा घेऊन खानावळीत जायचा आणि नाकाला रुमाल लावून फोटो काढायचा. पेठेतल्या विठाबाईंच्या खानावळीत त्याचं हे ध्यान बघून विठाबाई म्हणाल्या होत्या, "लेका, फोटूत वास येत न्हाय, रुमाल काढ." त्याने काढला. घरी येऊन अंघोळ केली ती निराळी. पण रात्री झोपताना म्हणाला, "शांभवी, मजा येते गं." इतकं सुखाने तो क्वचितच काही बोलायचा.

आराखडा झाला. दसऱ्यानंतरच्या रविवारी तालमीच्या हॉलमध्ये मंडळ जमलं. सोमेशने सगळ्या पत्रिका सतरंजीवर मांडल्या, दोरे लावले, टिकल्या दाखवल्या. लोकांना कौतुक वाटलं. धारोष्ण दुधाला वेगळं पान आहे म्हणून एकजण खूश, भडंगाला आहे म्हणून दुसरा खूश. मी मागे विठाबाईंशेजारी बसले होते. विठाबाईंना बाळासोंनी मुद्दाम बोलावलं होतं, कारण त्यांची खानावळ म्हणजे पेठेचा मान. मला वाटलं, झालं काम.

मग बाळासोंनी पहिलं पान उचललं. त्यावर खाण्याच्या सगळ्या ठिकाणांची नावं एकाखाली एक होती. त्यांनी वरचं नाव मोठ्याने वाचलं आणि हॉलमधल्या सगळ्या माना सोमेशकडे वळल्या.

वरचं नाव होतं आकारामच्या मिसळीचं. आकारामचं दुकान मंगळवार पेठेत.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला यात काय झालं ते कळायचं नाही. फुटबॉलची मॅच असली की या दोन पेठांमध्ये सख्खे मावसभाऊ एकमेकांना ओळख देत नाहीत. आणि शिवाजी पेठेच्या तालमीत बसून, शिवाजी पेठेच्या मंडळासाठी केलेल्या कामात, सोमेशने मंगळवार पेठ सगळ्यात वर नेऊन ठेवली होती. आणि सगळ्यात खाली, पार तळाला, विठाबाईंची खानावळ.

"ह्ये कुणी केलं?" बाळासोंनी विचारलं.

"अक्षरांप्रमाणे आहे," सोमेश म्हणाला. "आ आधी येतो. व शेवटी. कुणाला डावं-उजवं व्हायला नको म्हणून."

त्याने हे अगदी निर्मळ मनाने केलं होतं. आमच्या घरातून दोन्ही पेठांना गूळ जातो, त्यामुळे पेठेचा अभिमान वगैरे आमच्या रक्तात नाही. मीही ती यादी पाहिली होती आणि मलाही काही खटकलं नव्हतं. पण त्या हॉलमध्ये अक्षरांचं कोण ऐकतंय. एकजण म्हणाला, चवीप्रमाणे लावा. चव कोण ठरवणार, यावर दोघे उठून उभे राहिले. दुसरा म्हणाला, सगळ्यात जुनं दुकान वर. मग कुणाचा आजा आधी चुलीपुढे बसला, यावर तिघे. रंकाळ्यावरून आलेला जोतीराम भेळवाला शांतपणे म्हणाला, "मी उद्या गाड्याचं नाव बदलतो. अजिंक्य भेळ. बघू कोण आधी येतंय."

विठाबाई पदराने तोंड पुसून उठल्या. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पोरी, पंगतीत शेवटी बसायला माझं काय जात न्हाय. पन बसवनाऱ्यानं इचारावं तरी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाळासोंनी पत्रिका गोळा करून सोमेशच्या हातात दिल्या. चिडून नाही, पण गोलकीपरचा चेहरा करून. "सोमेशराव, बाकी सगळं झ्याक हाय. पन पयल्या नावाचं काय तरी करा. सगळ्यांना पटलं तर म्होरं जाऊ. न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

पुढचे काही दिवस वाईट गेले. सोमेशने नावं गोल मांडून पाहिली. तरी घड्याळात बाराच्या जागी कोण, हा प्रश्न उरलाच. नकाशा काढून पाहिला, तर तिथेही कुणीतरी वरच्या बाजूला आलंच. नुसत्या फोटोंवर भागवू म्हटलं, तर पहिला फोटो कुणाचा. शेवटी त्याने पत्रिकांचा गठ्ठा दोऱ्याने बांधून ठेवला आणि क्लासच्या पोरांना शिकवू लागला. एक दिवस तो माडीवर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही. मी जाऊन पाहिलं तर कपाटावरची गादी काढून, धूळ झटकून, पुन्हा ठेवत होता. मला रडू आलं. रागही आला. त्याचा, मामंजींचा, मंगळवार पेठेचा आणि मराठी बाराखडीचासुद्धा.

त्याच आठवड्यात सासूबाईंचे गुडघे धरले, म्हणून मामंजींचा डबा घेऊन पेढीवर मी गेले. हंगाम पाडव्याला सुरू व्हायचा, पण थोडाफार नवा माल येऊ लागला होता. यार्डात ओळीने पेढ्या, प्रत्येकीपुढे गुळाचे रवे, म्हणजे मोठमोठ्या ढेपा, मांडलेले, आणि सगळीकडे तो जड गोड वास. लिलावाचा सौदा चालू व्हायचा होता. व्यापाऱ्यांचा घोळका आधी जिथे थांबतो तिथला माल ताज्या डोळ्यांनी बघितला जातो. शेवटच्या पेढीपर्यंत पोचेतो माणसं दमलेली असतात, चहाची वेळ झालेली असते. एवढं मलाही लग्न झाल्यापासून ऐकून माहीत होतं.

घोळका आमच्या पेढीवरून तसाच पुढे गेला आणि पार त्या टोकाच्या पेढीपाशी थांबला.

"मामंजी, आज तिकडनं?" मी विचारलं.

"आज पाळी त्यांची," ते डब्याचं झाकण उघडत म्हणाले. "काल त्यांच्या अलीकडच्याची हुती. उद्या फिरून ह्या टोकाची."

"आणि मग तुमचा माल शेवटी बघतात, त्याचं काही वाटत नाही?"

"वाटायचं काय त्यात? आपली पाळी येतीया की." त्यांनी भाकरी मोडली. "चटणी कमी घातलीस."

मी चटणीचं काही ऐकलंच नाही. डबा परत न घेताच निघाले. रिक्षात बसल्यावर आपण एकटीच हसतोय हे रिक्षावाल्याच्या आरशात मला दिसलं.

सोमेश क्लास घेत होता. मी पोरांना सुट्टी देऊन टाकली, पत्रिकांचा दोरा सोडला आणि पहिलं पान फरशीवर ठेवलं. "पहिलं नाव रोज बदलायचं. आज आकाराम, उद्या दुसरा. आप्पांच्या सौद्यासारखं."

त्याने पत्रिका हातात घेतली. म्हणाला, "तारखेवरून करता येईल. आज वर असलेलं नाव उद्या तळाला जाईल, बाकीची एकेक घर वर चढतील." मग उठून उभा राहिला आणि परत बसला. "आणि जागा अकरा आहेत, वार सात. म्हणजे रविवारसुद्धा एकालाच मिळणार नाही. तोही फिरेल." मला रविवारचं सुचलं नव्हतं. ते त्याचं.

या खेपेला मांडामांड केली नाही. आराखड्याऐवजी तेवढं एक पान खरंच तयार करून बाळासोंसकट मंडळाला दुकानात बोलावलं. दाटीवाटीने उभे राहिले सगळे. मराठी अक्षरं तेव्हा कुणाच्या कॉम्प्युटरवर दिसतील आणि कुणाच्या नाही याचा नेम नसे, म्हणून सोमेशने नावांची चित्रंच करून बसवली होती. सगळ्यात वरच्या नावाशेजारी लाल टिकली. त्याने तारीख एक दिवस पुढे केली. वरचं नाव तळाला गेलं, दुसरं वर आलं, टिकली त्याच्यापाशी. आणखी एक दिवस. आणखी एक. माणसं मॅच बघावी तशी बघत होती.

"इठाबाईंची कवा?" बाळासोंनी विचारलं.

सोमेशने तारीख सरकवली. विठाबाईंचं नाव वर आलं तो दिवस नेमका बुधवार निघाला. कोल्हापुरात बुधवारही मटणाचाच वार. विठाबाई दाराशी उभ्या होत्या. कॉम्प्युटरकडे टक लावून बघत म्हणाल्या, "त्या दिशी मसाल्याचं वाटप वाईच जास्त करून ठेवते." बाळासो हसले, आणि मग सगळेच हसले. आराखडा पास झाला.

ही बातमी यार्डात आमच्या आधी पोचली. बाळासोंनी गूळ घ्यायला जाऊन मामंजींनाच सांगितली, "तुमचा सौदा कम्प्युटरात घातलाय पोरानं." दुसऱ्या दिवशी मामंजी दुकानात आले. दुकान काढल्यापासून पहिल्यांदा. दाराशी चपला काढल्या, देवळात जावं तशा. बाकड्यावर बसले नाहीत. सोमेशच्या मागे उभं राहून म्हणाले, "दाव."

सोमेशने दाखवलं. मामंजी एकेक नाव वर चढताना बघत होते. मटणाचे फोटो आले तेव्हा त्यांनी नजर खिडकीकडे वळवली, फोटो गेल्यावर परत आणली. मग विचारलं, "आन् गोड कुठं हाय ह्यात? ही मान्सं जेवून उठल्यावर त्वांड गोड करत न्हाईत?"

"नाही घातलं अजून," सोमेश म्हणाला.

मामंजींनी चपला घातल्या. जाता जाता उंबऱ्यावरून म्हणाले, "पाडव्याला सकाळी पेढीवर यायचं."

बस्स. एवढंच. मंडळाला पटलं, विठाबाईंना पटलं, आणि शेवटी पेढीच. मी तणतणले. सोमेश म्हणाला, "बघितलं तरी त्यांनी. मला पुष्कळ आहे." असं कुणी बोललं की मला आणखी राग येतो.

पाडव्याच्या सकाळी यार्ड झेंडूने नटलं होतं. नवा हंगाम, नवे रवे, हलगी वाजत होती. आमच्या पेढीवर ती पांढरी गादी मांडलेली होती. सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी मुद्दाम आल्या होत्या. सोमेश पांढरा सदरा घालून आला, वडिलांच्या पाया पडला आणि खाली मान घालून गादीकडे वळला.

"तिथं कुठं बसतोस?" मामंजी म्हणाले. "क्यामेरा कुठं हाय?"

सोमेशला कळलं नाही. मलाही नाही.

"गुळाचं पान करायचं न्हाय व्हय? फोटू कोण काढणार, मी? कवाधरनं वाट बघतोय."

सोमेश यार्डातून दुकानापर्यंत आणि दुकानातून यार्डापर्यंत कसा गेला आला, त्याचं त्याला ठाऊक. धापा टाकत परतला, कॅमेरा वडिलांकडे रोखला. मामंजींनी आडवा हात धरला.

"आमचा नगं. आज पाळी त्या टोकाची. आधी त्यांचा काढ, मग वळीनं ये."

तो वळला तशी त्यांनी पुन्हा हाक मारली. गादी उचलली, दोन्ही बाजूंनी थोपटून तिचा कापूस सारखा केला आणि माझ्या हातात दिली.

"दुकानातल्या खुर्चीवर घाल ही," ते म्हणाले. "पोरगं दिवसभर लाकडावर बसतंय."